दगडू मेश्राम यांचे मूळ वेतन निम्मे कोणी केले, याबाबत

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
भविष्य निर्वाह निधी कार्यालय, इंदूर

विषय : साक्षीदार म्हणून नाव नोंदवून घेणेबाबत.
संदर्भ : श्रीमती यमुनाबाई मेश्राम, रा. महू यांची तक्रार.

महोदय,

अर्जदार ताम्रकुंज पॅकेजिंग, सांवेर रोड येथे बावीस वर्षे पगारपत्रक लिहीत होता. आपल्या कार्यालयातील निशिगंधा मॅडमनी मराठीत लिहिले तरी चालेल म्हटल्यावरून हा अर्ज.

१. कामगाराला किमान वेतनाइतकी रक्कम हातात पडे. पण त्यातले मूळ वेतन निम्म्याहून कमी लिहायचे, उरलेले भत्त्यांत, म्हणजे निधीची वर्गणीही तेवढीच कमी, अशी मालकांची सूचना होती. ते म्हणत, "कृष्णरावजी, हाथ में तो पूरा ही जा रहा है ना?" अर्जदारास ते पटले, असे नाही, पण त्याने लिहिले. धुलाई भत्ता, उपस्थिती भत्ता ही नावेही त्यानेच शोधली.

२. कटिंग मशीनवरचे दगडू मेश्राम गेल्या आषाढात वारले. निधीची रक्कम हाती आल्यावर यमुनाबाई पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन अर्जदाराच्या घरी आल्या. म्हणाल्या, "साहेब, ते बारा तास उभे राहायचे. तुम्ही मूळ पगार पाचच तासांचा का लिहिला?" अर्जदाराने चहा ठेवला. तो होईपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

३. वेतनाची अशी विभागणी मान्य असल्याचे दगडू यांचे संमतिपत्र कंपनीने आपणांकडे दिले आहे. त्याचा मजकूर अर्जदाराचा आहे. दगडू धरून त्रेचाळीस कामगारांच्या अशा पत्रांवर सह्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, वाचून न दाखवता घेतल्या.

४. या तक्रारीच्या सुनावणीच्या मागील तारखेस अर्जदार आपल्या कार्यालयात आला होता. कंपनीच्या माणसांनी मान फिरवली, यमुनाबाईंनी ओळख दिली नाही. कोणाकडे बसावे ते न कळल्याने तो दाराशी उभा राहून परतला. पुण्याहून मुलगा ऋग्वेद फोनवर म्हणाला, "बाबा, आता कशाला यात पडता? तुम्हीच अडकाल." त्याचे खरे आहे. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

५. तरी विनंती की, अर्जदाराचा जबाब घ्यावा, त्रेचाळीसही जणांची वर्गणी पूर्ण वेतनावर धरून पुन्हा काढावी, आणि अर्जदारावर जी कारवाई बसत असेल ती त्याचे वय न पाहता करावी. यमुनाबाईंनी त्यास माफ करावे, अशी विनंती या अर्जात नाही.

समन्स छत्रीबागेच्या पत्त्यावर कधीही पाठवावे. अर्जदार दिवसभर घरीच असतो. घरात दुसरे कोणी नसल्याने दार तोच उघडतो, सही घेण्यासाठी माणसास थांबावे लागणार नाही.

आपला, चूक कबूल असलेला,
कृष्णराव माधव खांबेटे
दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत : १. पगारपत्रकांच्या कच्च्या वह्या, सहा.
२. संमतिपत्राचा मसुदा, अर्जदाराच्या हस्ताक्षरात.