दारात उभ्या असलेल्या आत्यांना

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार.

पाच दिवसांपूर्वी एका परक्या माणसाने मला फोनवर सांगितलं, की तुम्ही आपल्या दारात उभ्या आहात.

मी भाकरी थापत होते. वैशूने फोन माझ्या कानाशी धरला. तुमच्या या नातीने परीक्षेची पुस्तकं मागवली होती, ती घेऊन पार्सलवाला आटपाडीहून निघाला होता आणि रस्ता विचारत होता. मी नेहमीसारखं सांगायला लागले, चिंचेपासून आत वळा, मग पाण्याची टाकी... तर तो मधेच म्हणाला, "सापडलं ताई. मोबाईलमध्ये घर दिसतंय. निळं दार, दारात आजी उभ्या आहेत, तेच ना?"

माझ्या हातातली भाकरी तव्याच्या कडेला दुमडून पडली. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं, आत्या!

मी म्हटलं, "दारात कुणी नाही."

तो हसला. "आहेत की! हात वर करून बोलावतायत जणू."

म्हणून हे पत्र लिहायला बसले. दहावी झाल्यापासून किराणाच्या यादीपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. यासाठी नवा कागद आणला असता तर सासू म्हणून तुम्हीच पहिल्या ओरडला असता! पण हे मी आणखी कुणाला सांगू? तुमचा लेक तिकडे तामिळनाडूत, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या भट्टीपुढे. वैशूला सांगावं तर ती म्हणते, "आई, तू उगाच घाबरतीस."

पार्सल ताब्यात घेतल्यावर तिने मला मोबाईलवर दाखवलं. नकाशावर आपल्या गल्लीवर बोट ठेवलं की गल्ली उभी राहते. बोट पुढे सरकवलं की आपण चालत असल्यासारखी घरं मागे जातात. तानूबाईचं घर गेलं, टाकी गेली, आणि आत्या, तुम्ही आलात! दाराच्या चौकटीत, उजवा हात भिंतीकडे केलेला. तुमच्या तोंडावर धुकं आहे. वैशू म्हणाली, माणसांची तोंडं ते आपोआप पुसतात. पण तोंड पुसलं की माणूस ओळखू येत नाही, असं त्यांना खरंच वाटतं का? तुमचा तो जरा खाली झुकलेला डावा खांदा? लुगड्याला मी लावलेलं हिरवं ठिगळ? मी शंभर बायकांत तुम्हाला ओळखलं असतं.

मला रडू यायला हवं होतं. पण आधी भीतीच वाटली. कारण तुमच्या मागे, उघड्या दारातून, आपलं सगळं घर दिसत होतं.

तो दिवस तुम्हाला आठवतो ना? त्या आठवड्यात पंचायतीने दवंडी दिली होती, घरकुलाचा सर्वे होणार. आणि डोक्यावर खांब, खांबावर गोल यंत्र अशी एक पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. झालं! गल्लीभर एकच ओरड, "सर्वे आला, सर्वे आला!" तानूबाईने तर शेळ्या परड्यातून आणून पुढच्या सोप्यात बांधल्या, साहेबांना वाटावं की माणसं आणि जनावरं एकाच खोलीत राहतात.

आणि मी? मी तिच्याही वरचढ. दाराचा पडदा काढला. जमिनीवरचं चांगलं जाजम गुंडाळून ठेवलं. पुढचं दार, मागचं दार सताड उघडलं, म्हणजे परड्यातली पडलेली भिंत थेट रस्त्यावरून दिसावी. साहेबांच्या चहासाठी अर्धा लिटर जादा दूध घेतलं. आणि तुम्हाला म्हटलं, "आत्या, दारात उभ्या राहा आणि चौकटीशेजारच्या भिंतीतल्या भेगेकडे हात करा."

तुम्ही आधीच पदर कपाळाच्याही खाली ओढला होता. "आगं, फोटू काडत्यात का काय?"

"नाही हो, मोजणी आहे. पदर वर घ्या जरा, यादीतल्या नावाला तोंड जुळायला पाहिजे."

फोटो काढला की आयुष्य उणं होतं, असं मानणाऱ्या तुम्ही! माझ्या लग्नात फोटोवाल्याकडे पाठ करून बसला होता. तरी माझ्या शब्दावर तुम्ही पदर वर घेतलात आणि गाडीला ओरडून सांगितलंत, "आवं सायब, हितनं बघा! पावसात भित घरात येती!"

गाडी थांबलीच नाही. तुम्ही कितीतरी वेळ तिच्या धुळीकडे बघत होता. "च्या प्यायला बी थांबला न्हाई मुडदा!"

आपण दोघी किती हसलो होतो, आत्या! ते दूध आटवून मी खरवसासारखं काहीतरी केलं, ते बिघडलं, तरी तुम्ही वाटी चाटूनपुसून खाल्लीत.

एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. खरी मोजणी त्यानंतर झाली. वही घेऊन दोन माणसं मोटारसायकलवर आली, तेव्हा मी दळणाला गेले होते. तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवलंत. "आमचं झालंय. मोठं सायब गाडीतनं बघून गेलं." परत आल्यावर मोठ्या अभिमानाने तुम्ही मला ते सांगितलंत. तोवर वैशूने मला सांगितलं होतं, की ती गाडी सर्वेची नव्हती, नकाशासाठी रस्त्यांचे फोटो काढणारी होती. मी गप्प बसले. मग शेवटी अंथरुणावरून तुम्ही विचारत राहिलात, "आलं का गं यादीत नाव? मी सोता दावलीया भेग." आणि मी म्हणत राहिले, "येईल आत्या, येईल." देवासमोर रोज दिवा लावणारी मी, तुमच्याशी खोटं बोलले. तुम्हाला कळलं होतं का हो? मला अजून वाटतं, कळलं असावं.

आता त्या चित्रात काय काय दिसतं, ते सांगते. लोखंडी कपाट दिसतं. देव्हारा दिसतो, नाथबाबांचा फोटोसुद्धा. मागचं दार दिसतं आणि त्याला आतून कडी नव्हती, तेही दिसतं. पडक्या भिंतीतून मागच्या शेतात जायची वाट दिसते. न्हाणीला गोणपाटाचा पडदा. दोरीवर वैशूचा पिवळा ड्रेस. हे सगळं कुणीही, कुठूनही, चहा पिता पिता बघू शकतं! त्यात गलाईवाल्याचं घर म्हटलं की लोकांना सोनंच दिसतं. भट्टीपुढे तुमच्या लेकाच्या छातीत धूर किती जातो, ते कुणाला दिसतं?

दोन बायका घरात. एक माझ्यासारखी, एक वीस वर्षांची.

तेव्हापासून मी एक विचित्र गोष्ट करते आहे. दुपारी समोरच्या बांधावर जाऊन उभी राहते आणि आपल्या घराकडे चोराच्या नजरेने बघते. कुठून शिरता येईल? तानूबाईने पाहिलंच.

"काय गं मंगल, सोताच्याच घरावर पाळत ठेवतीस व्हय?"

मी तिला मोबाईल दाखवला. वाटलं, ती पण घाबरेल. तर ती पाहतच राहिली. "आगं बया! ही तर माजी काळी शेळी! ईकली ना गं तिला. दाव की परत!" आणि मग, "माझं घर लय दळभद्री दिसतंय गं."

खरंच आत्या, सगळी गल्लीच दळभद्री दिसते! ज्याने त्याने जे होतं नव्हतं ते लपवलं आणि पडकं तेवढं पुढे केलं. तेच आता जगाने आपलं घर म्हणून धरून ठेवलंय.

तुमच्या लेकाला फोन केला. आधी हसले. "आगं, आमचा हिकडचा बाजार बी दिसतोय त्यात. कोण बघतंय?" मी विचारलं, "मागचं दार दिसतंय, ते?" मग म्हणाले, "कडी बसव. आणि पुसून टाक ते."

कडी बसवली. न्हाणीला पत्र्याचं दार केलं. आणि एक गोष्ट केली, तिच्यासाठी पाया पडून माफी मागते. परवापासून दिवेलागणीला पुढचं दार लावून घेते. तुमचा नियम होता, दिवा लावताना दार उघडं पाहिजे, लक्ष्मी दारातून परत फिरते. अठ्ठावीस वर्षं पाळला. आता दिवा लावते आणि कडी घालते. रागवाल? पण तुमच्या लक्ष्मीसाठी दार उघडं ठेवायचं, तर त्याच दारातून दुसरं कोण येईल, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

राहिलं ते पुसायचं. वैशूने सगळं वाचून काढलं. आपल्या घरावर एक चौकट ठेवायची, का पुसायचं ते लिहायचं आणि पाठवायचं. मग ते घरावर धुकं घालतात. पण एकदा घातलं की ते परत निघत नाही, कधीच.

चार दिवस झाले, आत्या. चौकट ठेवून होते, आणि मी "राहू दे, उद्या" म्हणते. कारण त्या चौकटीत तुम्हीपण असता. भिंतीवर तुमचा जो फोटो आहे, तो आधारकार्डावरून मोठा केलेला. त्यात तुम्ही पोलिसांनी धरून आणल्यासारख्या दिसता! तसल्या तुम्ही कधीच नव्हता. गाडीला हाक मारणाऱ्या, शिव्या देण्याच्या बेतात असलेल्या, त्या खऱ्या तुम्ही.

वैशू म्हणाली, "मी कॉपी काढून ठेवलीये आई, जीव नको खाऊ." मला न विचारता काढली. मी रागावले. पण पुसायला सांगितलं नाही. इतका लोभ मला राहू द्या.

तरी कॉपीतल्या तुम्ही निराळ्या. नकाशावर तुम्ही आपल्या दारात आहात. रस्ता चुकलेला माणूस अजून तुमच्या खुणेने घरापर्यंत येतो. ते मोडायला हात होत नाही.

आणि मग वाटतं, मी कुणासाठी थांबले आहे? तुमच्यासाठी? तुम्हाला कुठे हवं होतं हे! मोजणी आहे असं सांगून मी तुम्हाला उभं केलं. तेव्हापासून पाऊस म्हणू नका, ऊन म्हणू नका, तुम्ही भेग दाखवत उभ्याच. कोण कुठला माणूस येतो, तुम्हाला बघतो, तुमच्या खांद्यावरून आत डोकावतो. इतका वेळ तर मी शेजारणीलाही दारात उभं करत नाही.

उद्या एकादशी आहे. सकाळी पूजा आटोपली की मी चौकट ठेवणार. कारणाच्या जागी वैशू काहीतरी इंग्रजीत लिहिणार होती, मी सांगितलंय की मराठीतच लिही, "या घरात माणसं राहतात." वैशूची कॉपी तिच्या आणि माझ्या मोबाईलमध्येच राहील. वर्षश्राद्धाला कुणाच्या स्टेटसला जाणार नाही, फ्लेक्सवर जाणार नाही, तिला हारसुद्धा घालणार नाही. हे वचन देते.

आणि ते पाठवायचं बटण वैशूला दाबू देणार नाही. तुम्हाला दारात मी उभं केलं, आत मीच घेणार.

फार वेळ उभ्या राहिलात आत्या. या आता आत.

तुमची सून,
मंगल