चिबडावरचा तुझा लेख

प्रिय अक्का,

आज दुपारी गावच्या ग्रामसभेत मला शाल-श्रीफळ मिळालं. नाशिकला परत येईपर्यंत बसमध्ये मान वर करवली नाही. म्हणून घरी येताच लिहायला बसलो. तुला जाऊन आठ महिने झाले. पहिल्यांदाच तुला पत्र लिहितोय, आणि तेही चोरी कबूल करायला!

अंगणवाडी सुटली की तू सायखेड्याच्या बाजूला, गोदावरीकाठच्या गावच्या पाणथळ चिबडाच्या कडेला जाऊन बसायचीस. गुडघाभर पाणी, चिखल, लव्हाळी. गावाच्या लेखी ती पडीक जमीन. तू मात्र वहीत उतरवून घ्यायचीस, कमळपक्षी पानांवरून कसा चालतो, थंडीत चक्रवाक कधी येतात, पुराचं पाणी आधी कुठे शिरतं.

दर दिवाळीला त्यातला एक लेख तू माझ्या हाती द्यायचीस. मी रविवार पुरवणीचा संपादक. एकदाही छापला नाही. "पाणकोंबड्यांवर कोण वाचणार गं?" मी म्हणायचो. तू हसायचीस. का हसायचीस, अक्का? भांडली का नाहीस माझ्याशी?

तू गेल्यावर गावाने चिबड मुरूम टाकून बुजवायचं, तिथे लग्नाचं लॉन्स करायचं ठरवलं. त्याच आठवड्यात माझ्या पुरवणीत एक लेख कमी पडला. तुझे कागद काढले. 'चिबड म्हणजे नदीची ओसरी,' तू लिहिलं होतंस. 'पुरात नदी आधी इथे टेकते. ओसरीच नसली तर ती थेट घरात येईल.'

लेख छापला. नाव मात्र माझं टाकलं! संपादकाचं नाव असलं तर लोक वाचतील, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगू? इतकं सरळ वाक्य मला जन्मात सुचलं नव्हतं.

आज सरपंचबाईंनी तो लेख सभेत मोठ्याने वाचला. लॉन्सच्या बाजूने हात वर केलेली माणसंही पुढे सरकून ऐकू लागली. खालच्या आळीतली एक बाई उठली. "ओसरी बुजली तर पानी आमच्या चुलीत यील ना!" ठराव रद्द झाला, अक्का. चिबड वाचलं! आणि शाल माझ्या खांद्यावर.

मग तुझी अंगणवाडीतली मदतनीस हिराबाई पुढे आली. "भाऊ, लय चांगलं लिवलंय. पन हे बोलनं अक्काचं हाय. मला तोंडपाठ हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. एक शब्द बोलायचा होता, 'हो' एवढाच. मी हसलो नि म्हणालो, "आमच्या घरचंच बोलणं ते, हिराबाई."

सगळे हसले. ती हसली नाही. "बरं," म्हणाली, पदर सावरला आणि निघून गेली. आधी तुझे लेख न छापून आणि आज हे बोलून, तुला दोनदा गप्प केलं ते मीच.

अक्का, क्षमा मागायला तोंड नाही. येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तुझं नाव येईल आणि खाली माझा कबुलीजबाब. पण छापून येण्याआधी हिराबाईला ते माझ्या तोंडून कळलं पाहिजे. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने तिच्या दारात जाईन. तिने आत घेतलं नाही, तर बाहेर उभा राहून सांगेन. शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने.

तुझा भाऊ,
बाळू