ताटातला घास

खिदिरपूर, कलकत्ता
बुधवार, १७ फेब्रुवारी १९५४

चि. श्यामला हिस,

प्रभूच्या नावात सलाम आणि आशीर्वाद.

अक्षर माझं आहे, आईचं नाही. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाचं आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस. बसून वाच. तुझ्या अवस्थेत उभ्यानं वाचू नकोस.

माझी तब्येत ठीक. थंडी संपली. गल्लीतल्या नळाचा वायसर गेला होता, तो मीच बसवला. म्युनिसिपालिटीची वाट बघितली असती तर पावसाळा उजाडला असता. गोदीतल्या माझ्या क्रेनवर आता दुसरे मिस्त्री आहेत. ग्रीस लावायचा त्यांना कंटाळा. तिचं किंचाळणं मला घरात बसून ऐकू येतं आणि कुठला बेअरिंग ओरडतोय तेही कळतं. पण मला कोण विचारतो.

तुझ्या अवस्थेत असं वर लिहिलं, त्यावरून तुला कळलं असेल की तुझी पत्रं मी वाचली. तू आईच्या नावानं शेजारच्या बिश्वासबाईंच्या पत्त्यावर टाकत होतीस ती. नाताळातलं, जानेवारीतलं आणि आता आलेलं. तिन्हींत तू एकच विचारतेस. आई, तू लिहीत का नाहीस?

आई लिहीत नाही, कारण आई गेली. नऊ नोव्हेंबरला, सोमवारी सकाळी. हे गोल गोल लिहायला मला येत नाही. दोन कागद फाडले. शेवटी जसं झालं तसंच लिहिलं.

आधी ताप. मग छातीत धरलं. चार दिवस दवाखान्यात होती. नर्स चांगली होती, डॉक्टर घाईतला होता. माझ्यासारखा. रविवारी संध्याकाळी मी बसलो होतो. तिला बोलवत नव्हतं. तरी हातानं खूण करून मला वाकायला लावलं आणि म्हणाली, "पोळी दिलीत का?"

मी म्हटलं, "हो दिली. तू गप पड."

दिली नव्हती. चार दिवस चूल पेटवलीच नव्हती. तिच्याशी मी बोललो ते हे शेवटचं. खोटं, आणि वर दटावणी.

पोळीचं काय ते तुला माहीत नाही. ते सांगायलाच हे पत्र आहे, म्हणून मधली पानं टाकू नकोस.

तू कोर्टात जाऊन त्या चारुदत्ताशी लग्न केलंस, त्या दिवशी मी घरात काय बोललो ते आईनं तुला कळवलं असेलच. ह्या घरात तिचं नाव निघणार नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही. तिच्या घरचं पाणी मी पिणार नाही.  तुला ठाऊक आहे, आई भांडायची नाही. भांडी जरा जोरात ठेवायची.

आपल्या घरची संध्याकाळची प्रार्थना तुला आठवत असेल. गोदीचा भोंगा झाला की हातपाय धुवायचे आणि चटईवर बसायचं. रविवारी देवळात सगळं बंगालीत. मला त्यातलं निम्मं कळतं आणि उरलेल्या निम्म्याला मी मान हलवतो. मराठीत देवाचं नाव निघायचं ते आपल्या चटईवरच. आई पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायची, कारण मला बारीक अक्षर लागत नाही आणि मोठं लागलं तरी मी बोट ठेवून वाचतो. मग ती एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. नागपूरचे काका, मावशी, पाळकसाहेब, मग तू, मग मी. तू गेल्यावर काका, मावशी, पाळकसाहेब आणि मी. पाळकसाहेबांच्या नंतर ती थांबायची. एक श्वास घ्यायची. माझे डोळे मिटलेले असले तरी मला समजायचं. मी खाकरायचो.

असे दोन-तीन महिने गेले. एक दिवस अध्याय संपल्यावर तिनं आणखी एक ओळ म्हटली.

"माझ्या वाटचा घास तुमच्या ताटातून कोणा भुकेल्याला द्या, म्हणजे तो मला पोचला."

मी विचारलं, "हे कुठलं?"

"पत्रातलं आहे. शेवटची ओळ."

"कुठल्या पत्रातलं?"

"प्रेषिताच्या. लांब होता बिचारा. घरी येता येत नव्हतं."

मी म्हटलं, "हा माणूस कामाचा दिसतो. बाकीचे नुसते सुस्कारे सोडतात. ह्यानं काम सांगितलं."

ती म्हणाली, "मग करा की काम."

त्या दिवसापासून जेवायला बसायच्या आधी एक पोळी मी बाजूला काढायला लागलो. देवळाच्या भिंतीला लागून बोरिसालकडून आलेले निर्वासित बसतात ना, त्यांत एक म्हातारी आहे. तिला नेऊन द्यायची. मला भिकेचं कौतुक आवडत नाही, तुला माहीत आहे. पण शास्त्रात आहे म्हटल्यावर वाद नाही. पावसातही गेलो. अंगात ताप असतानाही एकदा गेलो, आई नको म्हणत होती तरी. तीन वर्षं. महिन्या-दोन महिन्यांनी ती ओळ परत वाचायची, आणि मी म्हणायचो, आलं का परत तुझ्या प्रेषिताचं? ती हसायची. तेव्हा मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसते.

आई गेल्यावर मी चटई टाकायचं सोडलं नाही. भक्ती म्हणून नाही. भोंगा झाला की पाय आपोआप नळाकडे जातात. पाळकसाहेब भेटायला आले. विचारलं, "प्रार्थनेत समाधान मिळतं का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग काय वाटतं?" मी म्हटलं, "काही वाटत नाही." खरं तेच सांगितलं. अजून रडलोही नाही मी. मुंग्या येऊन पाय बधिर होतो तसं सगळं अंग आहे. चिमटा काढला तर दुसऱ्याला काढल्यासारखं वाटतं. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी मोठी प्रार्थना केली. चहा गार झाला.

पण ती ओळ मला पाहिजे होती. का, ते विचारू नकोस. तिनं शेवटी पोळीचं विचारलं आणि मी खोटं बोललो, म्हणून असेल. पोळी रोज देत होतोच, पण वाटलं, ती ओळ एकदा स्वतः वाचून द्यावी, म्हणजे चुकलेले चार दिवस फिटतील. तेव्हा चष्मा लावला आणि प्रेषितांची पत्रं पहिल्यापासून काढली. रोज एक अध्याय, कधी दोन. बोट ठेवून. जड जायचं. एकेक वाक्य अर्धं पान लांब. तो माणूस पुढच्या वाक्यात काय म्हणतो ते कळेपर्यंत मागचं विसरायला होतं. पण रोज वाचलं. प्रत्येक पत्राची शेवटची ओळ आधी बघायचो, आणि नाही दिसली की पहिल्यापासून वाचायचो, मधेच कुठे असेल म्हणून. अख्ख्या आयुष्यात एवढं वाचलं नव्हतं. सगळी पत्रं संपली. ओळ नाही. वाटलं, माझीच नजर चुकली. परत सुरू केलं.

ह्या सगळ्यात देव जवळ आला का, तर मला सांगता येत नाही. मी रोज चटईवर बसलो एवढं खरं. तोही समोर बसत असेल, बोलत नसेल. मीही बोलत नाही. गोदीत रामअवतार फिटर आणि मी एकवीस वर्षं असेच डबा खायला बसायचो. तो गेला तेव्हा कळलं, किती जवळचा होता.

गेल्या शुक्रवारी बिश्वासबाई आल्या. पदराखाली काहीतरी धरलं होतं. मला वाटलं, नारळाचे लाडू. दारातच उभ्या राहिल्या. मला घाबरतात त्या.

"मिस्त्रीदा, मरा मानुषेर चिठी घरे राखते नेइ," म्हणाल्या. मेलेल्या माणसाची पत्रं घरात ठेवू नयेत. आणि तुझी तीन पाकिटं माझ्या हातात दिली. बंद. म्हणाल्या, "मला तुमची भाषा वाचता येत नाही. मला वाटलं, तुम्ही मुलीला कळवलंच असेल. पण हे आणखी एक आलं. कळवलं असतं तर तिनं आईच्या नावानं कशाला टाकलं असतं? तुम्ही कळवलं नाही, मिस्त्रीदा?"

मी पाकिटं घेतली. दार लावून घेतलं.

पहिलं पाकीट फोडलं. नाताळातलं. तू पाचवा लागल्याचं लिहिलं होतंस, उलट्या थांबल्याचं लिहिलं होतंस. शेवटी सहीच्या वर ती ओळ होती.

माझ्या वाटचा घास तुमच्या ताटातून कोणा भुकेल्याला द्या, म्हणजे तो मला पोचला.

दुसऱ्यात तीच. तिसऱ्यात तीच.

मग मी बिश्वासबाईंकडे गेलो. त्यांच्याकडे बिस्किटाचा डबा आहे, त्यात आईनं तुझी सगळी पत्रं ठेवली होती. डबा घरी आणला. सगळ्यांच्या शेवटी तीच ओळ. तुमच्या ताटातून, असं लिहायचीस. पत्र आईला आणि तुमच्या म्हणजे दोघांच्या. मलाही धरून.

मला राग यायला पाहिजे होता. शास्त्राच्या नावावर तुझ्या आईनं तीन वर्षं मला फसवलं. आणि नेमकं तुझंच काम माझ्याकडून रोज करून घेतलं. मी खुर्चीवर बसलो आणि रागाची वाट बघितली. आला नाही. भोंगा झाला. उठलो, पोळी केली, म्हातारीला नेऊन दिली. ती चावून म्हणाली, "काँचा." कच्ची. रोज म्हणते. त्या दिवशी मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो आणि ती पोळी संपवेपर्यंत उठलो नाही. बाकी काही झालं नाही. एवढंच झालं.

घरी येऊन चटईवर बसलो आणि पाळकसाहेबांच्या नंतर तुझं नाव घेतलं. मोठ्यानं. घरात कोणी नव्हतं, तरी कोणीतरी खाकरेल असं वाटलं.

आता राहिलेलं सांगतो. मघापासून नळ आणि क्रेन लिहीत बसलो ते ह्याच्यासाठीच.

आई गेली त्या सकाळी पाळकसाहेब तार करायला पोस्टात निघाले होते. त्यांनी मला विचारलं, "श्यामलाचा जबलपूरचा पत्ता?" पत्ता माझ्याकडे होता. आईच्या उशाखाली बिश्वासबाईंच्या नातवाच्या वहीचा कागद होता, त्याच्यावर लिहिलेला. तो माझ्या खिशात होता. मी म्हटलं, "मला मुलगी नाही." त्यांनी पुन्हा विचारलं. मी परत म्हटलं, "नाही म्हटलं ना." मग माती दिली. तुझ्या वाटची मूठभर माती कोणी टाकली नाही.

इथे एक ओळ खोडली आहे. उजेडाला धरून वाचू नकोस. त्यातला शब्द प्रार्थनेत मी रोज म्हणतो, पापं सांगून झाली की, आमेनच्या आधी, देवाला उद्देशून. माणसाला कधी म्हटलेला नाही. हाताला सवय नाही.

तुझ्या शेवटच्या पत्रात तू आईला विचारलंस, सातवा लागलाय, बाबा मला बाळंतपणाला घरी येऊ देतील का? विचारून बघ, नाही म्हणाले तर राहू दे, त्यांच्याशी भांडू नकोस.

आईनं विचारलं असं समज. हो.

आई नाही, तेव्हा घर कसं आहे ते आधीच सांगतो. स्वयंपाक मला येतो तेवढाच येतो. बिश्वासबाई म्हणतात, "मी नऊ बाळंतपणं केलीत, दहावं करीन, तुम्ही फक्त स्वयंपाकघरात लुडबुडू नका." आईच्या खोलीला मी चुना लावून घेतला. तिची शाल बाहेर काढून उन्हात टाकली आहे. तुझ्या सासरच्यांची हरकत असेल तर चारुदत्तानं मला तोंडावर सांगावं. पत्रापत्री नको. मला वाचायला वेळ लागतो.

आणि तुला यायचं नसेल तर नको येऊस. तुझ्या आईच्या मातीला तुला येऊ न देणाऱ्याच्या घरी बाळंत व्हायला ये, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण विचारणं माझं काम, ते केलं. तुझं उत्तर टपालानं नको. मी स्वतः घ्यायला येतो. तिकीट काढलं आहे. ह्या नाही, पुढच्या शनिवारी, सत्तावीस तारखेला मेलनं जबलपुरात उतरेन. स्टेशनवर येऊ नकोस, गर्दीत धक्का लागेल. घर शोधीन. त्याच कागदावर पत्ता आहे.

मी नसेन तेव्हा म्हातारीची पोळी बिश्वासबाई देतील. त्यांची कच्ची नसते.

दार उघडलंस तर आधी पाणी दे. पिईन. मग जेवायला बसू. चारुदत्तालाही बसव. प्रार्थना मीच म्हणेन, छोटीशी. त्याला सांग, घाबरू नकोस.

बाकी भेटीत. आणि एवढं लक्षात ठेव. तुझ्या ताटातला माझ्या वाटचा घास शनिवारी कोणाला देऊ नकोस.

तुझा,
बाबा