मनगटापासून जमिनीपर्यंत

मी, युफेमिया डॉइग, कै. डेव्हिड डॉइग यांची पत्नी, वय एकोणसत्तर, राहणार कार्नहेवन बंदर, फाइफ, स्कॉटलंड, धंदा गोल्फच्या काठ्या बनवणे, आज पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. वकील मिस्टर पिटब्लॅडो म्हणाले, "बाई, धंद्याच्या जागी 'गृहिणी' लिहू या, तशी पद्धत आहे." पद्धत त्यांच्यापाशीच राहू द्यावी.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि माझी सर्व शिल्लक माझा एकुलता एक मुलगा वॉलेस याला मिळावी. छत पश्चिमेच्या बाजूने गळते. हे मी त्याला दोन वर्षे सांगते आहे.

कलम २. दुकान, कामाचे टेबल, रंधे, सरसाचे भांडे आणि माळ्यावर वाळत ठेवलेले हिकरी लाकडाचे सर्व दांडे जेनेट ऊर्फ नेटा गिलीस हिला मिळावेत. नेटा चौदा वर्षे माझ्या हाताखाली आहे. वॉलेसला हे झोंबेल, म्हणून कारण लिहिते. त्याला दुकानात कारखान्याचे पोलादी दांड्यांचे संच ठेवायचे आहेत, सगळ्या गावाला एकच माप.

"आई, माप द्यायला आता कोण थांबतंय? खोकं उचलतात नि चालू लागतात."

"आणि आठवड्यानं पाठ धरून परत येतात."

"मग मलमही ठेवू की."

मी हसले, पण दुकान त्याला द्यायचे नाही हे तेव्हाच ठरले. नेटा गिऱ्हाइकाला आधी हात सैल सोडून उभे करते आणि मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेते. मग त्याला गल्लीत चारदा काठी फिरवायला लावते. घाईच्या हाताला ताठ दांडा, संथ हाताला लवचीक. हे मी तिला शिकवले. मला शिंपीकाम करणाऱ्या माझ्या बापाने कोटांवर शिकवले होते.

कलम ३. हे गोल्फ क्लबासाठी. सन १९०९ मध्ये क्लबाचे कप्तान, मेजर क्रेथॉर्न, उंच म्हणून माझ्या नवऱ्याने त्यांना लांबलचक काठ्या करून दिल्या. महिनाभर चेंडू समुद्रात जात होते. मी म्हटले, "डेव्ही, उंची काय बघतोस? त्याचे हात बघ, गुडघ्याला लागतायत. मनगट तुझ्याएवढ्याच उंचीवर आहे." पुढच्या काठ्या माझ्या मापाने झाल्या आणि मेजरनी पदक जिंकले. समारंभात ते म्हणाले, "डॉइगचा डोळा म्हणजे डोळा." डेव्हीने मान लववली. मी खिडकीबाहेर उभी राहून ऐकत होते, कारण बायकांना आत प्रवेश नव्हता, अजूनही नाही.

डेव्हीसारखा दांडा तासणारा मी दुसरा पाहिला नाही, आणि माझे त्याच्यावर प्रेम होते. पण डोळा माझा होता. गिऱ्हाईक तुटेल म्हणून आम्ही दोघे गप्प बसलो. आता मला गिऱ्हाइकाची भीती नाही. मेजरनी पदक जिंकले ती काठी क्लबात काचेच्या कपाटात 'डी. डॉइग' या ठशासह आहे. हे कलम क्लब भिंतीवर लावणार नाही, म्हणून नेटाने ते दुकानाच्या खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून लावावे. लोहाराकडून मी 'ई. डॉइग' असा ठसा करून घेतला आहे; इंग्रजीत माझे नाव 'ई'ने सुरू होते. माळ्यावरचे लाकूड संपेपर्यंत तो वापरावा. पुढे तिने स्वतःच्या नावाचा करावा.

कलम ४. वॉलेस सात वर्षांचा असताना त्याच्या बापाने स्वतःची जुनी काठी कापून त्याला दिली. या गावात घरोघरी असेच करतात. दांडा कापला की तो सळईसारखा ताठ होतो आणि चेंडू मारायचे डोके मात्र तेवढेच जड राहते. पोराला ती फिरवता येत नाही, घाव घालावे लागतात. मी एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले नाही. पोरे त्याला लाकूडतोड्या म्हणत. बाराव्या वर्षी त्याने ती काठी समुद्रात फेकली आणि पुन्हा कुठलीच हातात धरली नाही. आज तो माप म्हणजे थोतांड म्हणतो, त्यात त्याचा दोष नाही. मला दिसत होते, म्हणून दोष माझा आहे.

दुकानाच्या दारामागे गोणपाटात गुंडाळलेली काठी वॉलेसची आहे. तो दारात उभा राहून माझ्याशी भांडतो, तेव्हा मी नजरेने माप घेतले. त्याने खेळू नये हवे तर. एकदा हातात धरून पाहावी.

कलम ५. अंत्यविधीचे सामान पुरवणारे मिस्टर लॉरी तयार शवपेट्या ठेवतात, तीन मापांच्या. "गेलेल्या माणसाला थोडं इकडेतिकडे चालतं," असे ते म्हणतात. मला चालणार नाही. माझे माप नेटाने घ्यावे.

चाळीस वर्षे मी लोकांच्या काठ्या केल्या, माझी एकही नव्हती. गेल्या वसंतात नेटाने केली. मी विचारले, "माप कधी घेतलंस गं?" ती म्हणाली, "रोज कोळशाची बादली उचलता की तुम्ही माझ्यासमोर." ती काठी बरोबर बसली. ती माझ्याजवळ ठेवावी, आणि मूठ माझ्या हातात असावी. खेळताना काठी तिरकी धरतात, म्हणून सरळ ठेवली की टोक पावलांच्या वीतभर खाली जाईल आणि लॉरी करवत शोधू लागतील. त्यांना सांगावे, काठी कापायची नाही. पेटी लांब करायची.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी एक शब्दही बदलू दिला नाही.

साक्षीदार:
१. जेसी टारव्हिट, मासळी विक्रेती
२. ह्यू पिटब्लॅडो, वकील ('गृहिणी' हा शब्द स्वतः खोडून सही केली)

स्थळ: कार्नहेवन
दिनांक: १४ ऑक्टोबर १९३६

सही: युफेमिया डॉइग, काठ्या बनवणारी