पाच नंबरची टाकी

सोमवार, ३ नोव्हेंबर
सगळ्यात पहिले आली ते शेजारची लालीबाई. माझी बॅग अजून दारातच, तर ही भाकर आन् हिरवा ठेचा घेऊन हजर. मले 'याडी' म्हणाली, त्यांच्या बंजारा बोलीत आईले म्हणतात. मग नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार. तिचा अमरसिंग कारखान्यात पाच नंबरच्या टाकीवर असतो. मी म्हटलं, बाई, घोरते म्हणजे जिता आहे, खुश राह्य.

मी दिग्रसवरून एष्टीनं आली, नातीकडे राह्याले. मुकुटबनच्या अलीकडे ही कॉलनी, समोरच कारखाना. कपाशीवर फवारायचं औषध बनते. माही मैत्रेयी तिथं इंजिनीअर! प्रौढवर्गातली अक्षरं विसरू नको म्हणून वही बी तिनंच देली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
मैत्रेयीचं काम म्हणजे टीव्हीच. सारा कारखाना तिनं घरच्या कंप्युटरात उभा केला. टाक्या, पंप, नळ्या, वारा, आपली कॉलनी बी. सिम्युलेशन म्हणते त्याले. कारखान्यात आठवडाभर जे होईल, ते चहा उकळेपर्यंत दिसते. एखादा पंप बंद पडला तर पुढं काय, हे माणूस मरायच्या आधी समजावं म्हणून. मी चहा घेऊन बसली का उठत नाही.

आज तिनं पाच नंबरच्या टाकीचा गार पाण्याचा पंप चित्रात मुद्दाम बंद केला. टाकी तापून लाल झाली, औषधाचा पिवळा ढग निघाला, थेट कॉलनीवर. मग एक बटण दाबलं, सारं पहिल्यासारखं. मले हसू आलं. असं बटण घरोघरी पाह्यजे, दूध उतू गेलं का दाबा.

शनिवार, ८ नोव्हेंबर
पुण्याचे दोन पाहुणे आलते, चित्र तपासाले. काहून, तर आता तो पंप चित्रात आपोआप बंद पडते, आन् चित्रातलं घड्याळ येत्या बुधवारी थांबते. मैत्रेयीनं तर रविवारपर्यंत चालवाले सांगतलं होतं. पाहुणे म्हणाले, आकडे चुकले. दोन-चार बदलले, टाकी हिरवी झाली. माझ्या हातचे वडे खाल्ले, पोटभर. कारखाना चालू द्या, गुरुवारी येतो, म्हणाले.

ते गेल्यावर मैत्रेयीनं पुन्हा लावलं. बुधवार.

सोमवार, १० नोव्हेंबर
पोरगी जेवली नाही. सारं पुसून नवीन बनवलं, तरी बुधवारच. चित्रात टाकी रिकामी करून पाह्यली. रिकामी बी तापते. असं होऊच शकत नाही, म्हणते. कारखान्याच्या साहेबाले म्हणाली, खरी टाकी बंद करा. साहेब म्हणे, पाहुणे पास करून गेले, गुरुवारपर्यंत थांब.

दुपारी खरा पंप बंद पडला. अमरसिंगनं चालू केला. पुन्हा बंद —

मंगळवार, ११ नोव्हेंबर
नळाले पाणी नाही. फवारणीचा वास, भाकरीले बी. लालीबाईच्या कोंबड्या — साऱ्या, अंगणात —

मैत्रेयीले म्हटलं, चाल, दिग्रसले जाऊ. तिनं चित्र दाखवलं. रस्त्यावर एष्टी होती. तिनं एष्टी कधी काढलीच नव्हती. खिडकीत आम्ही दोघी. मागं ढग.

बटण दाबून राह्यली, दाबून राह्यली. चित्र मागं जात नाही आता.

बुधवार, १२ नोव्हेंबर
अमरसिंग ड्युटीवरून आला नाही. लालीबाई त्याले पाहाले गेली. मैत्रेयी बी गेली, पाण्याचा व्हॉल्व्ह हातानं उघडाले. मी तिची ओढणी धरली. सोडवून गेली.

कंप्युटर चालूच आहे. टाकीपाशी तीन माणसं उभी. एकीची वेणी मैत्रेयीसारखी —

दोन.

एक —

खिडकी पिवळी झाली. डोळे —

चित्रात आता आमची खोली. अंदर म्हातारी, वहीवर वाकलेली. लिहून राह्यली —

पाहुणे गुरुवारी येतो म्हणाले. वडे करून ठेवीन म्हटलं होतं मी. गुरुवारी. गुरु —