एका तांबड्या वाइनची फेरतपासणी

ती. वहिनींना धाकट्या दिराचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत आणि तुम्हीही तिकडे तशाच असाल असं धरून चालतो. तुमची मान कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा गळ्यात आहे की खुंटीला? (खुंटीलाच असणार. मी तुम्हाला आजचा ओळखत नाही.) दादांची तब्येत उत्तम. इतकी उत्तम की इथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा रक्तदाब दोनदा मोजला आणि मग यंत्रच चालतंय ना हे बघायला स्वतःचा मोजला. भूक चांगली लागते, झोप शांत लागते, गालांवर थोडी लालीही आली आहे. त्या लालीबद्दलच हे पत्र आहे, पण जरा दमानं येतो.

दादांना इकडे धाडताना तुम्ही मला फोनवर बजावलं होतं, "भाऊजी, यांना फक्त हवापालट हवाय, दुसरं काही नको." आता या 'दुसऱ्या काही'त नेमकं काय काय मोडतं याचा मी पुष्कळ विचार केला. तुमच्या मनात बहुधा तळलेलं, खारट आणि राजकारणावरच्या गप्पा, एवढंच असावं. वाइनचं नाव तुम्ही घेतलं नव्हतं, हे मी तुमच्या न्यायबुद्धीसमोर नम्रपणे ठेवतो.

दादा आले तेव्हाची त्यांची अवस्था तुम्हाला सांगायला नको, ती तुम्हीच पाठवली होती. जन्मभर शाळा तपासलेला माणूस. ज्या वर्गात जावं तिथली पोरं उभी राहणार, मास्तर फळा पुन्हा पुसणार. निवृत्त झाल्यावर तपासायला उरलं काय, तर तुमच्या स्वयंपाकघरातले डबे. (झाकणं घट्ट बसत नाहीत या विषयावर तुमचे आठ दिवस अबोल्यात गेले, ते मला कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नका.) इथे आल्यावर त्यांनी पहिल्यांदा आमचं घर तपासलं. तुमच्या धाकट्या जावेनं पडदे कोणत्या तारखेला धुतले होते याची चौकशी झाली. त्यानंतर ती मला जेवण वाढताना भांडी जरा जोरात ठेवू लागली, म्हणून मी दादांना माझ्याबरोबर चष्म्याच्या दुकानात नेऊ लागलो.

ते मला महागात पडलं. डोळे तपासायचा माझा तक्ता तुम्ही पाहिला आहे, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत जाणारी. दादांनी तो वाचून पाहिला आणि यातून काही अर्थ निघत नाही असा आक्षेप घेतला. तरीही खुर्ची टाकून ते त्याच्याशेजारी बसत. गिऱ्हाईक पुढे झुकलं की, "वाकून बघायचं नाही." अडखळलं की, "घरून तयारी करून आला नाहीत." एक धट्टेकट्टे कंत्राटदार शेवटची ओळ चुकले तेव्हा दादांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते बिचारे चष्मा न घेताच गेले. आठवडाभर दुकानात चिटपाखरू फिरकेना.

माझ्या दुकानाला लागूनच एका बाईंचं वाइनचं दुकान आहे. बाई पूर्वी इस्पितळात मोठ्या परिचारिका होत्या, त्यामुळे कोणाला किती द्यायची आणि कधी थांबवायचं हे त्यांना चांगलं कळतं. शनिवारी दुपारी त्या चारपाच बाटल्या उघडून ठेवतात आणि येईल त्याला चव बघू देतात. त्या शनिवारी त्यांनी दाराबाहेर पाटी लावली होती, 'येथे उत्तम वाइन चाखून मिळेल'. दादांची नजर तिच्यावर पडली आणि ते तडक आत गेले. 'चाखून मिळेल' म्हणजे आधी कोण चाखणार आणि ती उष्टी वाइन गिऱ्हाइकानं का घ्यावी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. (वहिनी, ते आत गेले ते निव्वळ व्याकरणासाठी, हे कृपया ध्यानात घ्यावं.) बाईंनी निमूट पाटी आणून त्यांच्या हातात दिली, खडू दिला आणि पाटी दुरुस्त होईपर्यंत बसा म्हणून समोर घोटभर तांबडी वाइन ठेवली.

मी त्यांना सोडवायला गेलो तेव्हा दादा एका बादलीकडे बघत होते. चाखणारे लोक घोट तोंडात घोळवून तिच्यात थुंकतात, म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं. दादांना ते मुळीच पटलं नाही. "वही हातात घेतली की शेवटच्या पानापर्यंत तपासायची," असं म्हणून त्यांनी ग्लास संपवला. मग पाटीच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'वर्गात दंगा करते, पण मनाने वाईट नाही. तासाभराने शांत होते. मटणाबरोबर बसवावी.'

बाईंनी ते वाचलं आणि ती पाटी त्या बाटलीला टेकवून उभी केली. संध्याकाळपर्यंत तेवढी वाइन संपली.

तिथून पुढे दादांचे शनिवार ठरून गेले. मधल्या वारीसुद्धा ते 'पाटी पुसायची आहे' असं सांगून जायला लागले. त्यांचे शेरे पुठ्ठ्यांच्या तुकड्यांवर लिहून बाटल्यांना बांधलेले असतात आणि लोक ते वाचायला म्हणून येतात. एका स्वस्तातल्या पांढरीला लिहिलंय, 'आंबट बोलते पण खरे बोलते. तळलेल्या माशाबरोबर हिच्यासारखी सोबत नाही.' दुसरी एक पांढरी आहे, 'स्वच्छ, टापटीप, विचारल्याशिवाय एक शब्द बोलत नाही. पाहुणे अनोळखी असल्यास द्यावी.' एका गोडमिट्ट वाइनला नुसतंच, 'पालकांनी भेटावे.' आणि एक अतिशय महाग, सोनेरी अक्षरांची बाटली आहे, जिच्याकडे आम्ही साधी माणसं लांबूनच बघतो, तिला, 'घराण्याच्या नावावर पास.' शिवाय लोक त्यांना सल्ला विचारतात. पांढरी किती गार करावी? दात कळवळेपर्यंत करू नये, गारठलेलं मूल उत्तर देत नाही. तांबडी आधी उघडून ठेवावी का? ठेवावी, शाळेत आल्या आल्या परीक्षा घेत नाहीत. (हे वाक्य दादांना नंतर फार जड गेलं. सांगतो.) आमच्या गल्लीत लोक हल्ली त्यांना पाहून उठून उभे राहतात. आणि दादा घरी आल्यावर पडद्यांबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना त्या वाइनवाल्याचं प्रकरण झालं. गावाबाहेर स्वतःची बाग असलेला, स्वतः द्राक्षं तुडवून स्वतः वाइन करणारा एक आडदांड माणूस आहे. मिशा अशा की ग्लासात आधी त्या जातात. त्याच्या तांबडीला दादांनी लिहिलं होतं, 'अनुत्तीर्ण. जीभ खरखरीत पाटीसारखी होते. तयारी नसताना वरच्या वर्गात ढकललेली.' त्या पुठ्ठ्यानंतर त्याची बाटली कोणी उचलेना. बाईंनी पुढचा माल घ्यायचं थांबवलं आणि त्यांचं बघून आणखी दोन दुकानांनीही. एका शनिवारी भर गर्दीत मिशीवाले दारात उभे राहिले. माझी खात्री होती की आता दादांना उचलून बादलीत घालतील. पण ते ओरडले नाहीत. हातात तो पुठ्ठा घेऊन दादांसमोर आले आणि म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंत?"

"मी लिहिलं."

"वाइन किती वर्षं पिताय?"

दादा शाळा तपासायचे तेव्हा त्यांना उलट प्रश्न कोणी विचारला नसावा. ते म्हणाले, "दीड महिना."

"माझी यात चार वर्षं गेली," मिशीवाले म्हणाले. "बायको म्हणते बाग विकू. तुम्ही दीड महिन्यात नापास करून मोकळे." एवढं बोलून पुठ्ठा टेबलावर ठेवून ते निघून गेले.

वहिनी, त्या दिवशी दादांनी उरलेल्या बाटल्यांना हातही लावला नाही. ते घरी आले, जेवले नाहीत. तुमच्या जावेनं मुद्दाम पाण्याचा तांब्या झाकणाशिवाय ठेवला, तरी काही बोलले नाहीत. तेव्हा ती मला म्हणाली, "काहीतरी करा, मला हे बघवत नाही." (हीच बाई दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या परतीच्या गाड्या बघत होती.)

दुसऱ्या दिवशी दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल, त्याची बाग पाहून येऊ." मी म्हटलं, तिथे कुत्री असतील. म्हणाले, असू देत. कुत्री होतीच. त्यांनी दादांकडे एकदा पाहिलं आणि बाजूला सरकली, माझी मात्र विजार धरली. मिशीवाले तळघरात पिंपं धूत होते. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. कोपऱ्यातल्या टेबलावर आदल्या दिवशीची अर्धी बाटली पडली होती, रागाच्या भरात उघडून तशीच राहिलेली. त्यातली थोडी त्यांनी दादांच्या पुढ्यात आणून आदळली.

दादांनी घोट घेतला. पुन्हा घेतला. मी शेजारी उभा होतो, मीही घेतला (कुत्र्यांमुळे मला गरज होती). वहिनी, ती वेगळीच वाइन होती. खरखर गेलेली, मागे पिकलेल्या जांभळासारखी चव, आणि गिळल्यावर थोडा वेळ गप्प बसावंसं वाटावं अशी. दादांनी ग्लास खाली ठेवला. "मी बाटली उघडल्या उघडल्या तपासली होती," ते म्हणाले. "हिला श्वास घ्यायलासुद्धा वेळ दिला नाही."

मग त्यांनी खिशातून तो पुठ्ठा काढला. तो त्यांनी जपून आणला होता हे मला माहीत नव्हतं. 'अनुत्तीर्ण'वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'तपासणाऱ्याची घाई झाली. आदल्या दिवशी उघडून ठेवावी. उत्तीर्ण.' आणि सही केली. उभ्या जन्मात या माणसानं दिलेला शेरा बदललेला नाही. मी दहावीला असताना त्यांनी माझ्या निबंधावर मारलेला 'पसारा' हा शेरा अजून कायम आहे.

मिशीवाल्यांनी पुठ्ठा वाचला. मिशांच्या मागे काय चाललं होतं कळेना. मग ते एक स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "ढकललेली म्हणालात ते अगदीच खोटं नाही हो. पिंप रिकामं करायला हवं होतं, म्हणून सहा महिने लवकर बाटलीत भरली." त्यानंतर दोघांचं जे जमलं ते जमलं. मी मध्ये एकदा 'निघायचं का' म्हणून विचारलं, तर दोघांनी मिळून मला गप्प बसवलं.

परतताना गाडीत दादा म्हणाले, "तुझ्या वहिनीनं डबे मागच्या आवराआवरीत घाईघाईनं भरले होते. पाहुणे यायचे होते. मी ते विचारलंच नाही." धाकट्या भावानं अशा वेळी बोलू नये.

सध्या ती तांबडी दुकानात टिकत नाही. तुम्हाला म्हणून माझी शिफारस: तांबड्यांत मिशीवाल्यांची, पांढऱ्यांत ती आंबट बोलणारी. दोन्ही बेतानंच घ्याव्यात. तुमच्या जावेचा नमस्कार. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना जसा ज्याला तसा.

तुमचा आज्ञाधारक (बऱ्याच अंशी),
धाकटा दीर

ता. क. रक्तदाबाची काळजी नको. डॉक्टरीणबाईंनी जेवणाबरोबर अर्ध्या ग्लासाची परवानगी दिली आहे. ग्लास केवढा ते त्यांनी सांगितलं नाही, दादांनी विचारलं नाही.

आणखी ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. शेजारच्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने परगावी जाणार आहेत आणि दुकान दादांनी सांभाळावं असं त्यांचं म्हणणं आहे. दादा म्हणाले, "घरी विचारावं लागेल." विचारायला मात्र ते धजत नाहीत, म्हणून मी विचारतो. दुकानावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. तुम्हीही यावं.

(यापुढचं अक्षर धाकट्या जावेचं आहे. हे बाहेर पाकीट आणायला गेले आहेत.)

ताई, यातलं बरंचसं खरं आहे. पण त्या पाटीतली चूक दादांच्या नजरेला पडली नव्हती, यांनीच त्यांना बाहेर नेऊन दाखवली, चष्म्याचं दुकान दादांच्या तावडीतून सुटावं म्हणून. कुत्र्यांच्या आधीपासूनच यांचाही शनिवार चुकत नाही. ते असो. तुम्हाला सांगायचं ते यांनी लिहिलंच नाही. दादा रोज संध्याकाळी गच्चीवर दोन खुर्च्या मांडतात आणि एकीवर बसतात. दुसरीवर मी बसायला गेले तर म्हणाले, ती ठेवलेली आहे. तेव्हापासून मी उभ्यानंच त्यांच्या गप्पा ऐकते आणि माझे गुडघे आता बोलायला लागलेत. मिळेल त्या गाडीनं या.