बाबांच्या खोलीतली टकटक

दादा,

मी कामावर निघाले. बाबांच्या खोलीतून टकटक ऐकू येईल, दचकू नकोस. ते शेवटी दुरुस्त करत होते तोच पॉवर सप्लाय आहे. त्याच्या पुढच्या सर्किटमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे. आतली कंट्रोलर चिप तो चालू करू बघते, धोका दिसला की बंद करते, जरा थांबून पुन्हा तेच; त्याचीच ती टकटक.

तुला दुरुस्तीची खुमखुमी येईल. हात लावू नकोस, प्लगही काढू नकोस. हात सोल्डरिंगमध्ये गुंतले की बाबा टेबलाला गुडघा मारून आईला बोलवायचे, आठवतंय ना? काल मी प्लग काढला, तर ती अनवाणी रस्त्यावर त्यांना शोधत होती. आता टकटक झाली की "आले हो" म्हणते आणि शांत बसते. ते गेले हे तिला पुन्हा सांगू नकोस.

आणि हसू नकोस, आज सकाळी तिच्याआधी मीच ओ दिली.